गुलमर्गच्या दोन बॅगा

६ जानेवारी, शनिवार

जान्हवी येते म्हणाली. येते म्हणजे घरी नाही, गुलमर्गला. पण येते म्हणाली.

ऑक्टोबरपासून ती मुलुंडला सुनंदाताईंकडे, म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीकडे राहते आहे. डिसेंबरात वकिलाचे कागद आले. दोघांच्या संमतीने घटस्फोट. तिची सही झालेली आहे, माझी राहिली आहे. कागद फ्रीजवर ठेवलेत, त्यावर बरणी ठेवली आहे, पंख्याने उडू नयेत म्हणून.

आज मुलुंडला जाऊन समोरासमोर बोललो. जाताना वाक्य पाठ करून गेलो होतो. "चार रात्री. आपण दोघंच. स्कीइंग. परत आल्यावरही तुला हेच हवं असेल तर मी त्याच दिवशी सही करतो."

"स्कीइंग?" जान्हवी म्हणाली.

"हो. बर्फावर करतात ते."

"कशावर करतात ते मला माहीत आहे."

सुनंदाताई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "अनंतराव, गुडघे विचारून आलात का?"

जान्हवी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "येते. पण परत आल्यावर घोळ घालायचा नाही. सही म्हणजे सही."

मी हो म्हटलं. सही करायची वेळच येणार नाही, हे मनात म्हटलं.

स्कीइंगच का, ते लिहून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी टीव्हीवर बर्फातल्या स्पर्धा लागत होत्या. ती चार दिवस भाजी निवडताना तेच बघत होती. म्हणाली होती, "एकदा वरून सुटलं की सुटलं. मागून कोणी कितीही हाका मारा." तिला या खेळाची एवढी आवड असेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. आणि ऑक्टोबरात बॅग घेऊन निघताना ती म्हणाली, "तेवीस वर्षांत एकदा तरी माझ्याबरोबर कुठे आलात का?" मी त्यावर खूप विचार केला. लग्न झाल्यावर तिला मनालीला जायचं होतं. मी म्हटलं होतं, दिवसभर बर्फातच असतो, सुट्टीत परत बर्फात कोण जाणार? आणि तिला माझ्या मामांकडे मालवणला नेलं होतं. म्हणजे मुद्दा बर्फाचा होता. उशिरा लक्षात आला, पण आला.


८ जानेवारी, सोमवार

बुकिंग झालं. ७ फेब्रुवारीचं विमान. बोरिवलीतला एजंट चंद्रप्रकाश सगळं करून देतो. स्की, बूट, काठ्या तिथे मिळतात. शिकवणारा मिळतो. कपडेही भाड्याने मिळतात म्हणाला. मी म्हटलं, कपड्यांचं तू मला सांगू नकोस, थंडी हा माझा विषय आहे.

खरंच आहे. अंधेरीच्या एमआयडीसीत मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सव्वीस वर्षं काढली, त्यातली चौदा सुपरवायझर म्हणून. कोळंबी, माकूळ, सुरमई, सगळं उणे वीसला. वीस मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर, आणि आत कोणी एकट्याने जायचं नाही. माझ्या हाताखाली एकाचंही बोट कधी गेलेलं नाही. गुलमर्गला उणे आठ असतं. उणे आठला आमच्याकडे माल खराब झाला म्हणतात.

माणशी पंधरा किलो. दोन्ही बॅगा मीच भरणार. तिने फक्त यायचं, एका गोष्टीला हात लावायचा नाही. तिला दिसलं पाहिजे की मी काय करू शकतो.

चंद्रप्रकाश म्हणाला, "साहेब, एक आहे. या वर्षी बर्फ अजून पडलेला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे गुलमर्ग आत्ता आपल्या नॅशनल पार्कसारखं दिसतंय. पण पडेल."


११ जानेवारी, गुरुवार

आतले गरम कपडे आणले, तिच्यासाठी एल, माझ्यासाठी एक्सएल. दुकानदार म्हणाला, घालून बघितल्याशिवाय परत घेणार नाही. मी म्हटलं, बायकोचं माप मला माहीत आहे.

जॅकेट मात्र बाजारातली बघून हसू आलं. नुसती फुगलेली. आमच्या स्टोअरकीपरला विचारलं तर त्याने दोन नवी फ्रीझर जॅकेट काढून दिली, पिशवीतून न काढलेली. दोन वर्षं कोल्ड रूमच्या दाराशेजारच्या रॅकवर पडून होती. उणे तीसला चालतात. नारिंगी रंग आहे, म्हणजे बर्फात हरवली तरी लांबून दिसेल. दोनदा साबणाने धुतली, तिसऱ्यांदा नुसत्या पाण्यातून काढली.

तिच्या थायरॉईडच्या गोळ्या आणल्या, पन्नासच्या. वाऱ्याने तिचा कान दुखतो, म्हणून लोकरीची पट्टी घेतली. ती दुकानात सहज दिसली म्हणून घेतली, यादीत नव्हती.


१४ जानेवारी, रविवार

शेजारच्या मालनकाकू तिळाचे लाडू घेऊन आल्या. आत आल्या नाहीत. पदर नाकाला लावून दारातच उभ्या.

"अनंता, घरात काय मेलंय रे?"

"काही नाही काकू. जॅकेट वाळत घातलीत."

"ती जाळ."

"नवी आहेत काकू."

"मग लवकर जाळ."

त्या गेल्यावर मी जॅकेटमध्ये तोंड घालून बघितलं. साबणाचा वास येतो. काकूंना थंडीने सर्दी झाली असावी.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमनचा मेसेज आला. तिसऱ्या मजल्यावर कोणी बाल्कनीत सुकी मासळी वाळत घालत असेल तर ती काढावी, तक्रारी आल्या आहेत. आमच्याच मजल्यावर असं कोण करतंय कळत नाही. सूचना योग्य आहे म्हणून मी खाली अंगठ्याचं चित्र टाकलं.


१५ जानेवारी, सोमवार

जान्हवीला तिळगुळाचा मेसेज केला. तिचा उलट आला: तुम्हालाही. सहा तारखेनंतरचा पहिला. मोजून बारा वेळा वाचला. दोन शब्दसुद्धा नाहीत.


१९ जानेवारी, शुक्रवार

श्वेताचा फोन. नाशिकला हॉस्टेलवर असते, परीक्षा चालू आहे. तिला बॅगांची सगळी यादी वाचून दाखवली. मोजे किती जोड, गोळ्या कोणत्या, कोणत्या खणात काय.

"बाबा, हे सगळं आईला विचारलंस का?"

"सरप्राइज आहे."

"बॅगेत सरप्राइज कोण देतं?"

मग ती म्हणाली, "आजीच्या तेराव्याला तू काय घालून आला होतास, आठवतंय?"

आठवतंय. सप्टेंबरात जान्हवीची आई गेली. तेराव्याच्या दिवशी पहाटे प्लांटवर कॉम्प्रेसर बंद पडला. चाळीस टन कोळंबी आत होती. ती वाचवली आणि तिथून थेट मुलुंडला गेलो. शेवटच्या पंगतीला पोचलो. युनिफॉर्म होता, पण मळका नव्हता. मी तसं तिला सांगितलं.

"बाबा, तू बसलास आणि तुझ्या दोन्ही बाजूंची माणसं उठून गेली."

"त्यांना गाडी पकडायची असेल."

"पानावरून? मग आई वाढायचं सोडून तुझ्या शेजारी येऊन बसली. सगळ्यांसमोर. तिचं जेवण झालेलं होतं."

"हो, बसली होती."

"का बसली असेल?"

"नवऱ्याशेजारी बायको बसणार नाही तर कोण?"

श्वेता म्हणाली, ठेवते, अभ्यास आहे. तिचा आवाज बसलेला वाटला. रात्री जागत असेल. तिला च्यवनप्राश पाठवायला हवा.


२३ जानेवारी, मंगळवार

बर्फ नाही. रोज सकाळी फोनवर गुलमर्ग बघतो. पिवळं गवत, कोरडे दगड, त्यावर पर्यटक खुर्च्या टाकून बसलेत. बातमीत म्हणाले, इतका कोरडा जानेवारी कितीतरी वर्षांत झाला नाही. याच वर्षी? चंद्रप्रकाश आता फोन उचलत नाही, मेसेज करतो: पडेल साहेब.

आज प्लांटवर माल उतरवताना बर्फाच्या लाद्या फोडत होते. चुरा नाल्यात वाहत चालला होता. मी उभा राहून बघत बसलो. सव्वीस वर्षं हा बर्फ मी बघतोय, कधी काही वाटलं नाही. आज वाटलं, हा गोळा करून न्यावा.

बर्फ पडला नाही तर ती येणार नाही. ती आली नाही तर मला सही करावी लागेल. घरात कुठेही बसलं तरी फ्रीज दिसतो. आमचं घर फार लहान आहे, हे मला आत्ता कळतं आहे.


२५ जानेवारी, गुरुवार

आज माझ्याकडून एक चूक झाली. रजिस्टरमध्ये लिहिलेली नाही, म्हणून इथे लिहितो.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत कपड्यांची चाचणी घ्यायची म्हणून सगळं अंगावर चढवलं आणि तीन नंबरच्या कोल्ड रूममध्ये गेलो. एकटा. दारावर नाव न लिहिता. स्कीइंग शिकवणाऱ्याचा व्हिडिओ बघून ठेवला होता. गुडघे वाकवायचे, पायाचे अंगठे एकमेकांकडे, टाचा लांब. म्हणजे थांबता येतं. कोळंबीच्या खोक्यांच्या दोन रांगांमध्ये तसा उभा राहिलो. थांबायचं आधी शिकावं असं माझं मत आहे.

दहा मिनिटं केलं. मग एका खोक्यावर बसलो. आत पंख्यांचा आवाज एकसारखा असतो, बाहेरचं काही ऐकू येत नाही. फ्रीज दिसत नाही. बरं वाटलं. वीस मिनिटं झाल्याचं घड्याळात दिसलं. तीसही दिसलं. उठायला हवं हे माहीत होतं. आपणच केलेला नियम आहे हेही माहीत होतं. पण उठून कुठे जायचं ते आठवेना.

धोंडिरामने बाहेर ओढलं. माझ्याच वयाचा, देवगडचा, माझ्याबरोबर लागलेला लोडर. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला.

"सायबानू, मरूचा आसात तर भायर जावन मरा! हय माझी पाळी आसा, जबाब माका देवचो लागतलो!"

"मी चाचणी घेत होतो."

"कसली?"

"गुलमर्गची."

त्याने मला उन्हात बसवलं, चहा पाजला, बोटं चोळली. मी त्याला जॅकेट दाखवलं. म्हटलं, बघ, चाळीस मिनिटांत काही झालं नाही. तो म्हणाला, "ह्या वयनीक घालतलास?"

"हो. का?"

"धुतलास?"

"तीनदा. वास येत नाही."

"तुमका येयत कसो? आमचा नाक कवाच मेला हा." मग त्याने सांगितलं की तो रोज घरी जायच्या आधी इथल्या बाथरूममध्ये लिंबू लावून आंघोळ करतो आणि कपडे बदलतो. तरी त्याची बायको त्याला दारात उभा करून आधी हात हुंगते. सगळेच करतात म्हणाला. "तुमी नाय करणास?"

मी कधी केलं नाही. कोणी सांगितलं नाही. तेवीस वर्षांत तिने एकदाही सांगितलं नाही.


२६ जानेवारी, शुक्रवार

सकाळपासून धुतोय. लिंबू, व्हिनेगर, सोडा, पुन्हा लिंबू. बॅगांत ठेवलेलं सगळं काढून धुतलं, नवे मोजेसुद्धा. दोन्ही बॅगा आतून पुसल्या. पण गेला की नाही हे मला कसं कळणार? शेवटी जॅकेट घेऊन मालनकाकूंच्या दारात गेलो.

"काकू, वास घ्या."

"सणासुदीचं हे काय रे?"

"घ्या ना काकू. प्लीज."

माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी घेतला. मग म्हणाल्या, "आधी मेलेलं होतं, आता आजारी आहे."

त्यांना विचारलं, काकू, माझ्या अंगालाही येतो का? त्या म्हणाल्या, "जान्हवी जिन्यात अगरबत्ती लावायची ना रोज साडेसहाला, तू यायच्या आधी? मग?"

मला वाटायचं, ती देवाची आहे.


२८ जानेवारी, रविवार

बर्फ पडला! रात्रभर पडला. गवत नाही, दगड नाही, सगळं पांढरं. चंद्रप्रकाशने स्वतः फोन केला, जणू त्यानेच पाडला. मी जान्हवीला फोटो पाठवला. तिने लिहिलं: छान आहे. चार तारखेला, रविवारी घरी येईन. बोलायचं आहे.

घरी येईन, असं लिहिलं आहे. घरी.

फ्रीझर जॅकेट धोंडिरामला देऊन टाकली. बाजारातून दोन फुगलेली आणली. बॅगा तिसऱ्यांदा भरल्या. तिची तेरा किलो चारशे, माझी चौदा किलो. तिच्या बॅगेत अजून एक किलो सहाशेची जागा आहे, तिला काही घ्यावंसं वाटलं तर.


४ फेब्रुवारी, रविवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

ती अकराला आली. मी दोनदा आंघोळ केली होती. घर पुसलं होतं. कागद फ्रीजवरून उचलून कपाटात ठेवले होते. तिने पाणीसुद्धा स्वतः घेतलं नाही, मी देईपर्यंत बसून राहिली. पाहुण्यासारखी.

मी तिची बॅग उघडून दाखवायला लागलो. ती खाली बसली आणि एकेक वस्तू बाहेर काढून बघू लागली. आतले कपडे अंगाला लावून बघितले. त्यात ती दोनदा बसली असती.

"एल कधी घालत होते मी?"

"नेहमी एलच."

"ऑगस्टपासून नऊ किलो उतरलंय माझं." मग गोळ्यांचं पाकीट बघितलं. "पन्नासची बंद होऊन दोन वर्षं झाली. आता शंभरची घेते."

मी म्हटलं, बदलून आणतो. ती म्हणाली, बसा.

कानाची पट्टी मात्र तिने हातात धरून ठेवली. बाकी सगळं घडी करून बाजूला ठेवत गेली, पट्टी मांडीवर राहिली.

मग मीच म्हटलं, "मला वासाचं कळलं. पंचवीस तारखेला. आता मी प्लांटवरच आंघोळ करून येतो, लिंबू लावून. तू का नाही सांगितलंस इतकी वर्षं?"

तिला हसू आलं. पंचवीस तारीख सांगितली म्हणून असेल. मग हसू गेलं.

"वासासाठी नाही मी गेले. त्याची मला सवय झाली होती. माझ्या उशीलाही तोच होता."

"मग?"

"आईच्या तेराव्याहून घरी आलो. तुम्ही पहिलं काय बोललात, आठवतंय?"

मी प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न केला. नाही आठवलं.

"म्हणालात, उद्या सकाळची पाळी आहे, डबा होईल ना?"

"कॉम्प्रेसर दुरुस्त व्हायचा होता," मी म्हटलं.

"हो. डबा केला मी."

खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टीं टीं आवाज येत होता. मग ती म्हणाली, "तिकीट माझ्या नावावर आहे ना?"

"हो. सतरा ए, खिडकी. माझं सतरा बी."

"मी जाणार आहे. तुम्ही थांबा."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, किती वाजेपर्यंत थांबू?

"अहो, मी एकटी जाते म्हणतेय."

मग मी पुष्कळ बोललो. सगळं लिहीत नाही. तुला धरणार कोण, पडलीस तर, विमानात तुला घाबरायला होतं, तिथे ओळखीचं कोणी नाही, तुझा कान. शेवटी असंही म्हणालो की मी लांब उभा राहीन, तू म्हणशील तेवढ्या लांब. हे म्हणताना आवाज फुटला. ती उठून माझ्याजवळ आली नाही. पण गेलीही नाही. समोर बसून राहिली, माझं होईपर्यंत.

"आणि सतरा बी?" मी विचारलं.

"राहू दे रिकामी."

"आणि परत आल्यावर?"

"परत आल्यावर मी सही मागणार आहे. तेव्हाही हेच सांगितलं होतं, आत्ताही सांगते. उगाच वाट बघू नका."

जाताना तिने फक्त पट्टी पर्समध्ये टाकली. बॅग नेली नाही. म्हणाली, "माझी मी भरीन."


५ फेब्रुवारी, सोमवार

दोन्ही बुकिंग मीच केलेली आहेत, माझ्या नंबरवरून. मी रद्द केलं तर ती जाऊ शकत नाही. हे मला काल ती जिन्यात असतानाच सुचलं होतं. खरं ते लिहायचं म्हणून लिहितो.

दुपारी चंद्रप्रकाशला फोन लावला तो सगळंच रद्द करायला. त्याने एक मिनिट म्हणून थांबवलं, दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत राहिला. त्याचं एक मिनिट म्हणजे पाच. त्या पाच मिनिटांत मी गॅलरीत उभा होतो. रिकाम्या दोरीवर चिमटे तेवढे होते. तिने पाच दिवस सुट्टी टाकली असेल. घाटकोपरच्या ऑफिसात तिला सुट्टी सहज मिळत नाही. कोणाला तरी सांगितलं असेल, मी चाललेय म्हणून.

चंद्रप्रकाश फोनवर परत आला. "बोला साहेब."

"माझं एकट्याचं रद्द कर. तिचं राहू दे."

"भांडण का साहेब? होतं असं. जायच्या दिवसापर्यंत सगळं ठीक होतं."

"माझं रद्द कर."

"बरं. मग मॅडमना बाई शिकवायला देऊ का? खोली खालच्या मजल्यावर घेऊ? जेवणाचं काय, सोमवार वगैरे पाळतात का?"

मी सांगायला तोंड उघडलं. तिला तिखट लागतं, कोंदट खोली चालत नाही, सोमवार पाळते. पाळते का अजून? पाळायची. पन्नासच्या गोळीसारखं असेल हे. मी म्हटलं, "तिलाच विचार. नंबर लिहून घे."


७ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सुनंदाताईंचा मेसेज आला: सोडून आले. बसली आत.

मी विमानतळावर गेलो नाही. माझी बॅग रिकामी केली. सगळं नवं होतं, कुठल्याच खणात त्याची जागा ठरलेली नव्हती, म्हणून पलंगावर रचून ठेवलं. रजा बारा तारखेपर्यंत आहे. प्लांटवर सगळ्यांना वाटतंय की मी बर्फात आहे. दूध आणायलाही तोंड चुकवून जातोय.

जिन्यात मालनकाकू भेटल्याच. "अरे, तू गेला नाहीस?"

"नाही."

"आणि ती?"

"गेली."

"एकटी? आणि तू जाऊ दिलंस?"

"मला विचारलं नाही काकू तिने."

काकूंनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं आता ऐकवतील. त्या म्हणाल्या, "जेवायला ये. मोडाच्या मुगागाठी केल्यात."

जेवलो.


९ फेब्रुवारी, शुक्रवार

चंद्रप्रकाशच्या ऑफिसातून दुपारी एक व्हिडिओ आला. बुकिंगला माझा नंबर होता म्हणून आला असणार. खाली लिहिलं होतं, आमच्या आनंदी पाहुण्या.

लाल भाड्याचं जॅकेट. अंगाला बरोबर बसलेलं. आधी मला ती कोण ते कळलं नाही. शिकवणारी बाई मागे कुठेतरी काहीतरी सांगते आहे, ऐकू येत नाही. जान्हवी उतारावर आहे. उतार फार नाही, आमच्या लोडिंगच्या रॅम्पएवढा असेल. दोन्ही हात पसरलेले आहेत. काठ्या नुसत्याच लटकताहेत. ती घसरायला लागते, आणि ओरडते. भीतीने नाही. गुडघे वाकवत नाही, अंगठे आत घेत नाही, थांबण्यासाठी काहीही करत नाही. मग पडते. मी तेवढ्यात खुर्चीवरून उठलो होतो.

तिला उठवायला कोणी आलं नाही. तीही उठत नाही. बर्फात पाय पसरून बसते आणि हसते. तोंड उघडं टाकून, आवाज करून. कॅमेरा धरणाराही हसतो आहे. बारा सेकंदांत संपतं.

हे हसणं मी पूर्वी ऐकलं आहे का, ते आठवून बघितलं. लग्नाआधी एकदा, कांदिवलीला तिच्या मावशीकडे, स्वयंपाकघरातून आलं होतं. मी बाहेरच्या खोलीत मोठ्या माणसांबरोबर बसलो होतो. आत काय झालं होतं, ते मी विचारलं नव्हतं.

व्हिडिओ आठ वेळा बघितला. श्वेताला पाठवावा वाटलं. जान्हवीला लिहावं वाटलं, की काठ्या पुढे धर. लिहिलं, आणि पाठवायच्या आधी वाचून बघितलं. तिने मला हे पाठवलेलं नाही. तिला माहीतही नाही की हे माझ्याकडे आहे. मी लिहिलेलं पुसलं. मग व्हिडिओही पुसला. चंद्रप्रकाशला कळवलं की यापुढे तिचं काही आलं तर तिच्याच नंबरवर पाठव.

कपाटातून कागद काढले. तीन ठिकाणी सही आहे. जेवणाच्या टेबलावर बसून केली. पेन पहिल्या सहीला नीट चाललं नाही, म्हणून ती दोनदा गिरवली आहे. चालेल बहुतेक.

सुनंदाताईंना फोन करून विचारलं, कागद कधी आणून देऊ?

त्या गडबडल्या. म्हणाल्या, "अहो, घाई काय आहे? ती येऊ दे तरी."

मी म्हटलं, "ती यायच्या आत द्यायचेत. तिला मागावे लागू नयेत."